आकाश निरभ्र आहे, पण समुद्र?

दोन शनिवार डोळ्यांसमोर आणा. पहिल्या शनिवारी आकाश ढगाळ, वारा जरा बोचरा, पाणी करडं आणि त्यावर सगळीकडे बारीक खळबळ. लाटांची उंची १.२ मीटर, दोन लाटांमध्ये ५ सेकंद. दुसऱ्या शनिवारी लख्ख ऊन, मंद झुळूक, पाण्यावर तेल ओतल्यासारखी चकाकी. लाटांची उंची तीच, १.२ मीटर. दोन लाटांमध्ये मात्र १५ सेकंद. मुलांना घेऊन कंबरभर पाण्यात उतरायचं असेल, तर कोणता शनिवार निवडाल?

बहुतेक जण दुसरा निवडतील. दोन्हींपैकी जास्त धोक्याचा तोच आहे, आणि तो का, हे समजलं की समुद्राचा अंदाज वाचायचं निम्मं काम झालं.

हवामानाचं अ‍ॅप उघडलं की नजर आधी सूर्याच्या चित्रावर जाते, मग तापमानावर, मग पावसाच्या टक्क्यांवर. बागेत किंवा गावाबाहेरच्या माळावर जायचं असतं तर एवढं पुरलं असतं. किनाऱ्यावर ज्या पाण्याच्या हवाली आपण स्वतःला करणार असतो, ते या तिन्ही आकड्यांत कुठेच नसतं. किनाऱ्याचा दिवस ठरवताना तीन घड्याळं बघावी लागतात. एक भरती-ओहोटीचं, ते मुख्यतः चंद्र चालवतो. दुसरं दूरवरून येणाऱ्या लाटांचं, ते कुठल्यातरी लांबच्या वादळानं तीन-चार दिवसांपूर्वीच सुरू केलेलं असतं. तिसरं आजच्या वाऱ्याचं, ते ऊन चढेल तसं बदलतं. डोक्यावर ऊन आहे की ढग, याचा पहिल्या दोघांशी जवळजवळ काहीच संबंध नसतो.

लाट आधीच निघालेली असते

पाण्यावरून वारा घासत गेला की लाट उठते. ती किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोरात वाहिला, किती वेळ वाहिला आणि किती लांबवरच्या मोकळ्या पाण्यावरून वाहिला. जवळपासच्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा आखूड, टोकदार, एकमेकींवर चढणाऱ्या असतात. वारा पडला की त्याही काही तासांत निवतात. पहिल्या शनिवारची खळबळ ही अशी.

दूरच्या वादळात उठलेल्या लाटांचं तसं नसतं. त्या वादळाच्या बाहेर पडून प्रवासाला लागतात. आखूड लाटा वाटेत विरतात, लांब लाटा पुढे निघतात, आणि किनाऱ्याला पोचतात तेव्हा त्यांच्या एकसारख्या अंतराच्या, गुळगुळीत पाठीच्या ओळी झालेल्या असतात. यांना स्वेल म्हणतात. खोल पाण्यात १५ सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे दिवसाला हजारेक किलोमीटर सरकतो. तेव्हा दुसऱ्या शनिवारच्या त्या देखण्या लाटा बुधवारी तीन हजार किलोमीटर दूर, आपल्याला कधी ऐकूही न आलेल्या वादळात जन्मलेल्या असू शकतात. ही अतिशयोक्ती नाही. १९६३ मध्ये वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर प्रशांत महासागराच्या दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत मोजणीची ठाणी उभारली आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातल्या वादळांच्या लाटा थेट अलास्कापर्यंत पोचताना मोजल्या. अंतर दहा हजार किलोमीटरहून जास्त.

आता त्या ५ आणि १५ सेकंदांकडे येऊ. एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांच्या माथ्यांमध्ये जेवढे सेकंद जातात, त्याला अ‍ॅपवर ‘पिरियड’ आणि पुस्तकी मराठीत आवर्तकाल म्हणतात. माझ्या मते समुद्राच्या अंदाजातला हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलका आकडा आहे. खोल पाण्यात ५ सेकंदांच्या लाटेची लांबी ३९ मीटर असते, १५ सेकंदांच्या लाटेची तब्बल ३५० मीटर. लाटेची हालचाल पृष्ठभागाखाली तिच्या लांबीच्या साधारण निम्म्यापर्यंत जाणवते. म्हणजे पहिली लाट वरच्या वीसेक मीटरचं पाणी हलवते, तर दुसरी पावणेदोनशे मीटर खोलपर्यंतचं. उंची सारखी असली तरी दुसरीबरोबर किनाऱ्याला येणारी ऊर्जा तिप्पट असते.

ही लांब लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि ती उभी राहते. खोल समुद्रात १.२ मीटर असलेली १५ सेकंदांची लाट फुटताना सहज दोन मीटरच्या आसपास जाते. ५ सेकंदांची लाट फुटताना फारशी वाढत नाही. अंदाजात दिसणारी उंची बहुधा खोल पाण्यातली असते, तुमच्या कमरेवर आदळणारी नव्हे. शिवाय लांब लाट फुटल्यावर पाणी बराच वेळ वर चढत राहतं आणि तेवढ्याच जोरानं बराच वेळ परत ओढतं. पायाखालची वाळू सरकते ती याच ओढीनं. लहान मूल पडतं ते बहुतेकदा लाटेच्या धक्क्यानं नाही, या परतीच्या पाण्यानं.

म्हणून अंदाज बघताना उंची आणि आवर्तकाल जोडीनं वाचायचे. एक मीटर आणि ५-६ सेकंद म्हणजे उसळणारं, त्रासदायक, पण फारशी ताकद नसलेलं पाणी. एक मीटर आणि १२ सेकंदांच्या वर म्हणजे शांत दिसणारं पण जड पाणी. आणि उंची वाढली की ऊर्जा वर्गाच्या पटीत वाढते हेही लक्षात असू द्या. १ मीटरवरून १.५ मीटर म्हणजे दीडपट नाही, सव्वादोनपट.

‘१.२ मीटर’ ही सगळ्यांत मोठी लाट नसते

या आकड्यात आणखी एक गोम आहे. अंदाजातली उंची म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज लागत होता. तेव्हा हाराल्ड स्वेरड्रप हा समुद्रशास्त्रज्ञ आणि त्याचा विद्यार्थी मंक यांनी हे माप वापरात आणलं, कारण सरावलेला माणूस नजरेनं जी उंची सांगतो ती साधारण या सरासरीशी जुळते. आजही तेच चालतं.

ही सरासरी आहे, तेव्हा तिच्याहून मोठ्या लाटा येणारच. साधारण सातांतली एक लाट त्या आकड्याहून उंच असते. हजार लाटांत एखादी जवळजवळ पावणेदोन-दोन पट उंच येते. १० सेकंदांनी एक लाट धरली तर हजार लाटा पावणेतीन तासांत होतात, म्हणजे सहलीला आलेलं कुटुंब किनाऱ्यावर जेवढा वेळ असतं साधारण तेवढ्यात. खडकावर बसून फोटो काढणाऱ्यांना ‘अचानक’ आलेली लाट बहुतेकदा हीच असते. ती अचानक नसते, आकड्यात आधीच धरलेली असते. खडकावरचा शेवाळी, ओला भाग जिथपर्यंत दिसतो तिथपर्यंत पाणी अलीकडेच येऊन गेलंय, एवढं जरी पाहिलं तरी बसायची जागा बदलते.

लाटा शिवाय टोळीनं येतात. सहा-सात मोठ्या, मग कित्येक मिनिटं जवळजवळ शांतता, मग पुन्हा मोठ्या. त्या शांत मिनिटांत पोचलेला माणूस ‘आज काहीच नाही’ म्हणत थेट आत शिरतो. म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर पाण्यात उतरण्याआधी निदान दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत उभं राहावं. मुलांना ही पंधरा मिनिटं फार लांब वाटतात हे खरं. त्यांनाच लाटा मोजायला आणि टोळी कधी येते ते ओळखायला लावा.

जिथे लाट फुटत नाही ती जागा

किनाऱ्यावरच्या बुडण्याच्या घटनांमागे सर्वांत जास्त वेळा जो प्रवाह असतो, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. लाटा सतत किनाऱ्याकडे पाणी लोटत असतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दांड्यांमध्ये जिथे खोलगट घळ असेल तिथून एकवटून समुद्राकडे निघतं. हा रिप करंट. त्याचा वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण मोठ्या लाटांच्या दिवशी तो दोन मीटरवरही जातो. जगातला सर्वांत वेगवान पोहणारासुद्धा या वेगाशी काही सेकंदांपलीकडे झगडू शकत नाही.

फसवणूक अशी की ही जागा सर्वांत सुरक्षित दिसते. लाट साधारणपणे पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की फुटते. घळीत पाणी खोल असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, सपाट पाण्याचा पट्टा. मुलांना घेऊन आलेला माणूस साहजिकच त्या शांत पट्ट्याकडे वळतो. कधी पट्ट्यात गढूळ वाळू किंवा फेसाचे तुकडे समुद्राकडे वाहत जाताना दिसतात. उंचावरून, म्हणजे रस्त्यावरून किंवा वाळूच्या टेकाडावरून, हे जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून खाली उतरण्याआधी वरूनच एकदा नजर टाकावी.

लाटांची उंची आणि आवर्तकाल वाढला की हा प्रवाह जोर धरतो. बऱ्याच किनाऱ्यांवर ओहोटीच्या सुमारास तो अधिक तीव्र होतो, कारण पाणी उतरल्यावर परतीचा सगळा ओघ त्या घळींतूनच जातो. तेव्हा हा धोका काही प्रमाणात घरूनच ओळखता येतो: लांब आवर्तकालाचा स्वेल आणि दुपारी ओहोटी, हे दोन्ही एकत्र दिसले की त्या दिवशी पाणी घोट्यापर्यंतच.

त्यात सापडलंच कुणी, तर एक गोष्ट आधीपासून माहीत असावी: हा प्रवाह खाली खेचत नाही, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झगडून दमल्यामुळे. पाठीवर तरंगायचं, श्वास सांभाळायचा, हात वर करून मदत मागायची. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटताना दिसतात तिकडे सरकायचं, कारण फेस आहे तिथे पाणी उथळ आहे. आणि बाहेर उभ्या असलेल्यांनी, पोहता येत असलं तरी, रिकाम्या हातानं मागे उडी मारू नये. वाचवायला गेलेलाच बुडाल्याच्या घटना जगभर पुन्हा पुन्हा घडतात. तरंगणारं काही फेका, मग ते रिंग असो, घट्ट झाकणाचा रिकामा कॅन असो की बॉल. जीवरक्षकाला हाक मारा आणि त्या माणसावरून नजर हलवू नका.

चंद्राचं घड्याळ

भरती-ओहोटी ही या सगळ्यातली सर्वांत भरवशाची गोष्ट. हवामान आठवड्यापलीकडे धूसर होत जातं, पण पुढच्या वर्षीच्या याच तारखेची भरती आज सांगता येते. १८७०च्या दशकातच लॉर्ड केल्व्हिन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं चाकं आणि कप्प्यांचं एक यंत्र बनवून घेतलं होतं. ते फिरवलं की बंदराच्या वर्षभराच्या भरतीचा आलेख कागदावर उमटायचा. इतकं हातात असूनही सहलीला निघताना भरतीची वेळ न बघणारे खूप आहेत, याची मला खरंच खंत वाटते.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी अकराला पाणी लांब होतं म्हणून या रविवारीही असेल, हा हिशेब चुकतो. आठवड्यात वेळ जवळजवळ सहा तास पुढे जाते, म्हणजे ओहोटीच्या जागी भरती! अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, बहुधा एक-दोन दिवस नंतर, उधाणाची भरती येते. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. काही समुद्रांत हा फरक मुळातच लहान असतो. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो मीटरभरही नाही, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत जातो.

वेळेबरोबर वेगही बघायला हवा. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. फरक ४ मीटरचा असेल तर तिसऱ्या तासात पाणी एक मीटर चढेल. वाळूचा उतार अगदी मंद, पन्नासाला एक असेल, तर पाण्याची कड त्या तासात ५० मीटर पुढे येते, मिनिटाला ८० सेंटीमीटरहून जास्त. पहिला तास काहीच घडत नाहीसं वाटतं, म्हणून माणसं कड्याखालच्या पुळणीवर, खडकांपलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर किंवा वाळूच्या बेटावर निवांत बसतात. उठून बघतात तेव्हा परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. ओहोटीतच पायी जाता येतं अशा जागी जायचं असेल तर पाणी अजून उतरत असताना जावं आणि ओहोटीच्या वेळेलाच परत फिरावं.

तक्ता वाचताना दोन बारकावे. वेळ स्थानिक आहे की जागतिक प्रमाणवेळ, हे वर लिहिलेलं असतं, ते बघा. आणि तक्ता ज्या बंदराचा आहे त्यापासून खाडीच्या आत किंवा दूरच्या किनाऱ्यावर वेळ बरीच वेगळी असू शकते. शिवाय तक्त्याला आजच्या हवामानाची खबर नसते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं घटला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर फुगतो, आणि जोराचा वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर तो पाणी आणखी लोटतो. वादळी दिवशी भरती तक्त्यापेक्षा वरच येणार असं धरून चाला.

वारा, सकाळचा आणि दुपारचा

सकाळी समुद्र आरशासारखा होता आणि दोन वाजेपर्यंत वाळू डोळ्यांत जायला लागली, असं कित्येकदा होतं. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. शाळेत शिकलेले खारे वारे ते हेच. ऊन जितकं कडक, आकाश जितकं स्वच्छ, तितके ते जोरदार. म्हणून छान दिवशी पाण्यात उतरायचं असेल तर सकाळ, हा साधा नियम बऱ्याच किनाऱ्यांवर लागू पडतो. रात्री उलट, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात.

अ‍ॅपवर दिवसाचा एकच वेग न बघता तासागणिक बघा, आणि सरासरीबरोबर झोतांचा आकडाही. एकक तपासा: १ नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर प्रतितास, आणि मीटर प्रतिसेकंद असेल तर ३.६ नं गुणा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी २० चा वारा २८ झाला की ढकलण्याची ताकद जवळजवळ दुप्पट. डोळ्यांनी मोजायची एक जुनी खूण आहे, ती १८०५ मध्ये फ्रान्सिस बोफोर्ट या नौदल अधिकाऱ्यानं सुरू केलेल्या मोजपट्टीतून आली. लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरे तुरे दिसले की वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर. बऱ्यापैकी सगळीकडे दिसले की २० च्या वर.

दिशा मात्र वेगापेक्षा महत्त्वाची. अंदाजात ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा. समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी खवळवतो, पण निदान तरंगणारी वस्तू परत आणतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा किनाऱ्यालगतचं पाणी अगदी सपाट, गोड करून ठेवतो आणि हवा भरलेली गादी, रबरी बोट, उभं राहून वल्हवायची फळी हे सगळं मुलासकट आत नेतो. किनाऱ्यापासून दूर गेलं की आडोसा संपतो आणि वारा वाढतो. अशा दिवशी हवा भरलेलं काहीही पाण्यात नेऊच नये. काही किनाऱ्यांवर यासाठी नारिंगी रंगाची कापडी नळी उभारतात. ती समुद्राकडे फुगलेली दिसली की अर्थ हाच.

ऊन, वीज, पाऊस, गारठा

हे मुद्दे जास्त परिचयाचे, म्हणून भरभर सांगतो. अतिनील निर्देशांक ३ किंवा वर असेल तर त्वचेला संरक्षण हवं. हा आकडा तापमानाबरोबर चालत नाही. खाऱ्या वाऱ्यात गार वाटत असतानाच कातडी भाजते, आणि कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, म्हणून छत्रीखालीही पूर्ण सुटका नाही. विजेचं म्हणाल तर मोकळ्या पुळणीवर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. गडगडाट ऐकू आला की वीज आपल्यापर्यंत पोचण्याइतकी जवळ आहे असं समजून पाण्याबाहेर या, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पावसाची ३० टक्के शक्यता म्हणजे त्या काळात त्या जागी पाऊस पडण्याची दहात तीन शक्यता. दिवसाचा ३० टक्के वेळ पाऊस असा तिचा अर्थ नाही. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर नदी-नाल्यांच्या मुखाजवळ एक-दोन दिवस पोहू नये, कारण सगळी घाण तिथेच येते.

पाण्याचं तापमान हवेपेक्षा वेगळं बघावं. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, त्यामुळे थंड प्रदेशांत वसंतातल्या उबदार दिवशीही पाणी हिवाळ्यातलंच असतं. १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम शिरलं तर पहिली एक-दोन मिनिटं श्वासावर ताबा राहत नाही आणि चांगला पोहणाराही नाकातोंडात पाणी जाऊन बुडू शकतो.

अंदाज केव्हा बघायचा

हवामानाच्या रोजच्या अंदाजाचा जन्मच समुद्रामुळे झाला. १८५९ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटून शेकडो माणसं गेली. त्यानंतर तिथल्या हवामान विभागाचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली आणि १८६१ मध्ये वर्तमानपत्रात रोजचा अंदाज छापला जाऊ लागला. आज तोच अंदाज पृथ्वीचे चौकोन पाडून संगणकावर निघतो. जागतिक अंदाजातल्या एका चौकोनाची बाजू बरेचदा ९ ते २५ किलोमीटर असते. तुमचा किनारा ज्या चौकोनात आहे त्यात अर्धी जमीन, एखादा डोंगर आणि खाडीही असू शकते. म्हणून अ‍ॅपवर किनाऱ्याचं नाव लिहिलेलं दिसलं तरी आकडा त्या पुळणीसाठी मोजलेला नसतो. दोन वेगळे अंदाज बघावेत. ते जुळले तर भरवसा वाढतो, न जुळले तर वाईट तो खरा धरावा.

मी स्वतः तीनदा बघतो. चार-पाच दिवस आधी भरतीचा तक्ता आणि स्वेल, कारण जायचं की नाही आणि कोणत्या वेळेला, हे यांवर ठरतं. आदल्या रात्री तासागणिक वारा आणि हवामान खात्याचा इशारा. सकाळी निघताना पुन्हा इशारा आणि अंदाज कधी अद्ययावत झाला ती वेळ. अधिकृत इशारा असेल तर तो कोणत्याही अ‍ॅपच्या वर, आणि तो कधीपर्यंत लागू आहे हे शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. तसंच कोणत्या आकड्याला पाण्यात उतरायचं नाही, हे आदल्या रात्रीच घरात सगळ्यांसमोर ठरवून टाकतो. किनाऱ्यावर पोचल्यावर, मुलांनी कपडे बदलल्यावर, तो निर्णय कुणालाच नीट घेता येत नाही.

आता दुसऱ्या शनिवारी परत जाऊ, पण पूर्ण माहिती घेऊन. ऊन, अतिनील निर्देशांक ९. सकाळी वारा ताशी ८ किलोमीटर, दुपारी तीनला २६, समुद्राकडून. लाटा १.२ मीटर, १५ सेकंद. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेत. ओहोटी दुपारी १ वाजून १० मिनिटांनी, भरतीचा फरक ३.६ मीटर. यातून दिसतं ते असं: सात वाजताच्या भरतीनंतर पाणी उतरत राहील, त्यामुळे दहा ते एक चालायला, किल्ले करायला, शिंपले बघायला भरपूर ओली वाळू मिळेल. पण स्वेल जड आहे आणि ओहोटीकडे जाताना परतीचा प्रवाह जोर धरेल, तेव्हा मुलांचं पोहणं नाही. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, घोट्याभर पाण्यात हात धरून. लाल झेंडा असेल तर तेही नाही, दोन लाल असतील तर पाणी बंद. जांभळा दिसला तर जेलीफिशसारखे डसणारे जीव आहेत. भर दुपारी सावली. तीनपासून पाचपर्यंत पाणी ताशी ९० सेंटीमीटरनं चढेल आणि वाराही वाढलेला असेल, म्हणून सामान आधीपासूनच सकाळच्या भरतीनं ठेवलेल्या कचऱ्याच्या ओळीच्या वर. खडकापलीकडच्या छोट्या पुळणीवर जायचं असेल तर साडेअकराला निघून एकच्या सुमारास परत.

पहिल्या, ढगाळ शनिवारीही आपण हेच सगळं तपासलं असतं. पण तिथे पाण्यात ताकद कमी होती आणि भरतीची वेळ जुळली असती, तर अंगावर काटा आणणाऱ्या त्या वाऱ्यात, झेंड्यांच्या मधे, मुलं बहुधा लाटांत खेळली असती.